थानाचा भाव ठाऊक, दुकानाचा नाही

रमजानचा महिना आला की आम्ही कापडाचे व्यापारी दुकानातला माल मोजायला बसतो. जकात द्यायची तर मालाची किंमत काढणे भाग असते, आणि ती खरेदीच्या भावाने नव्हे, तर जकात निघते त्या दिवशीच्या बाजारभावाने. गेल्या सालचे पॉपलीन असो की फळीवर पडून राहिलेले अस्तराचे कापड असो, प्रत्येक थानाला आजचा भाव लावला जातो. मुनीम कंटाळतो, मुले कुरकुरतात, पण हिशेब पुरा होतो. या कामात आपले बहुतेक व्यापारी बांधव हयगय करत नाहीत, ही समाधानाची गोष्ट आहे.

आता त्याच बांधवाला विचारा, हा माल ज्या चार भिंतींत ठेवला आहे त्या दुकानाची आजची किंमत काय? उत्तर येते, "असेल पंधरा-वीस लाख." किंवा, "वालिदांनी घेतले तेव्हा अमुक हजारांना घेतले होते." किंवा, "आपल्याला कुठे विकायचे आहे?" ज्या दुकानात बसून आपण धंदा करतो त्या दुकानावर जकात नाही, म्हणून त्याची किंमत काढण्याची वेळच येत नाही. ती वेळ येते तेव्हा घरात मयत झालेली असते, भागीदारी फुटलेली असते, बँकेची नोटीस आलेली असते किंवा भूसंपादनाचा कागद हातात पडलेला असतो. अशा घाईत जो आकडा तोंडाला येतो तोच कायम होतो, आणि त्यात कोणाचा तरी हक्क बुडतो.

म्हणून आमचे स्पष्ट मत असे आहे, की प्रत्येक दुकानदाराने, कारखानदाराने आणि कारागिराने आपल्या धंद्याच्या जागेचे रीतसर मूल्यांकन चांगल्या दिवसांत, भांडण नसताना, नोंदणीकृत मूल्यांककाकडून करून घ्यावे, आणि तो अहवाल नीट वाचायला शिकावे. हे मत आम्ही पुस्तकातून घेतलेले नाही. ते आमच्या घरात घडलेल्या एका चुकीतून आले आहे. ती चूक सांगताना संकोच वाटतो, पण सांगितल्याशिवाय मुद्दा पटणार नाही.

आमच्या घरची गोष्ट

आमचे वालिद मरहूम यांचे मनमाडच्या बाजारात कापडाचे दुकान होते. दर्शनी रुंदी बारा फूट, खोली तीस फूट, म्हणजे ३६० चौरस फूट. २०११ साली त्यांचे निधन झाले. वारस म्हणून आमच्या वालिदा, आम्ही दोघे भाऊ आणि धाकटी बहीण. अंत्यविधीचा खर्च व देणी वारल्यावर शरीअतप्रमाणे वाटणी करायची हे सर्वांना मान्य होते. पत्नीला आठवा हिस्सा, आणि उरलेल्यात मुलाला दोन भाग तर मुलीला एक. अशा घरात चाळीस हिस्से धरले म्हणजे हिशेब सरळ होतो: आईला पाच, प्रत्येक मुलाला चौदा, मुलीला सात.

हिशेब सरळ होता, किंमत मात्र अंदाजाची होती. दुकान आम्ही भावांनी ठेवायचे आणि आई व बहिणीला त्यांच्या हिश्श्याचे पैसे द्यायचे, असे ठरले. बाजारातील एका जाणत्या बुजुर्गांना विचारले. त्यांनी शेजारच्या गाळ्याचे खरेदीखत पाहून बारा लाख सांगितले. बारा लाखांचे चाळीस हिस्से केले तर एक हिस्सा तीस हजारांचा. आईला दीड लाख, बहिणीला दोन लाख दहा हजार. पैसे दिले, कागदावर सह्या झाल्या, दुआ झाली.

आठ-दहा महिन्यांनी थोरल्या बंधूंना दुकान तारण ठेवून कर्ज घ्यायचे होते. (व्याजाच्या प्रश्नावर प्रत्येकाने आपल्या आलिमांचे मत घ्यावे, तो या लेखाचा विषय नाही.) बँकेने मूल्यांकक पाठवला. त्याने फीत टाकून दुकान मोजले, फोटो काढले, कागद मागवले. पंधरा दिवसांनी अहवाल आला. तो इंग्रजीत. आम्ही उर्दू शाळेत शिकलेले. नोंदणी कचेरीची मराठी आम्हाला कधी जड गेली नाही, कारण त्यातले दस्त, फेरफार, नक्कल, कबजा, तारण हे शब्द आमच्या ओळखीचेच. पण हा अहवाल मुलाकडून वाचून घ्यावा लागला. त्यात बाजारमूल्य होते १९ लाख ८० हजार. जवळजवळ वीस लाख.

वीस लाखांचे चाळीस हिस्से केले तर एक हिस्सा पन्नास हजारांचा. आईला अडीच लाख मिळायला हवे होते, बहिणीला साडेतीन लाख. म्हणजे आईचे एक लाख आणि बहिणीचे एक लाख चाळीस हजार आम्ही दोघा भावांकडे राहिले होते. बहिणीला सांगितले तेव्हा ती म्हणाली, "भाईजान, राहू द्या, झाले ते झाले." तिच्या या बोलण्याने आम्हाला त्या रात्री झोप लागली नाही. कापड मोजताना गज आखूड धरणाऱ्याविषयी कुरआनात काय सांगितले आहे हे आपण सगळे जाणतो. मापात मारणाऱ्यांच्या नावाने एक संपूर्ण सूरह आहे. आम्ही आयुष्यात कधी गज आखूड धरला नव्हता, पण बहिणीच्या हिश्श्याला मात्र आखूड गज लावून बसलो होतो. पुढे दोन वर्षांत हप्त्याहप्त्याने ती रक्कम आम्ही दोघींना पोहोचवली. अल्लाहचे शुक्र की ती देण्याची ताकद होती. ज्या घरात ती नसते त्या घरात काय होत असेल?

बुजुर्गांचे आकडे चुकले कसे?

त्या बुजुर्गांच्या नियतीत काही खोट नव्हती. खोट होती शेजारच्या खरेदीखतात. तो गाळा विकला गेला तेव्हा दस्तात कमी रक्कम लिहिली होती आणि बाकीची रोकड वरच्यावर दिली-घेतली होती. मुद्रांक वाचतो आणि कर वाचतो, म्हणून हा रिवाज वर्षानुवर्षे चालत आला आहे. आपल्या बाजारात तो नाही असे छातीवर हात ठेवून कोणी म्हणू शकणार नाही.

पण हा खोटा आकडा त्या एका सौद्यापुरता राहत नाही. तो नोंदणी कचेरीच्या दप्तरात जाऊन बसतो आणि पुढच्या प्रत्येक हिशेबात साक्ष देत राहतो. आमच्या बहिणीच्या हिश्श्यात त्याने साक्ष दिली. बँकेचा मूल्यांकक जवळपासचे सौदे पाहतो तेव्हा तो पुढे येतो आणि कर्ज कमी मिळते. सरकार जागा घेते तेव्हाही तोच पुढे येतो.

या शेवटच्या गोष्टीकडे मनमाड-मालेगाव भागातल्या लोकांनी विशेष लक्ष द्यावे. २ सप्टेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मनमाड-इंदूर या ३०९ किलोमीटरच्या नव्या रेल्वेमार्गाला मंजुरी दिली. खर्चाचा अंदाज १८,०३६ कोटी रुपयांचा आहे. एवढा मार्ग म्हणजे जमिनी लागणार. रस्तारुंदी, पूल, बाह्यवळण ही कामे तर कुठल्या ना कुठल्या गावात चालूच असतात. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात बाजारमूल्य ठरवण्याची रीत दिली आहे. मुद्रांकासाठी ठरवलेला सरकारी दर पाहायचा. त्याचबरोबर आधीच्या तीन वर्षांत त्या परिसरात नोंदलेल्या तशाच जागांच्या खरेदीखतांपैकी जास्त किमतीची निम्मी खते घेऊन त्यांची सरासरी काढायची. या आकड्यांत जो जास्त तो धरायचा. त्यावर तितकीच रक्कम दिलासा म्हणून मिळते. म्हणजे मूळ आकडा एक लाखाने कमी धरला गेला तर नुकसान एका लाखाचे नाही, निदान दोन लाखांचे आहे. ज्या गल्लीत सर्वांनी मिळून दस्त कमी रकमेचे केले, त्या गल्लीने आपला मोबदला आपल्याच हाताने कमी केला. मग मोर्चे काढून आणि निवेदने देऊन अधिकाऱ्याला दोष देण्यात अर्थ राहत नाही. तो आपलेच कागद आपल्याला दाखवतो.

रेडी रेकनर म्हणजे मूल्यांकन नव्हे

आपल्यातील पुष्कळांचा समज असा, की रेडी रेकनरमध्ये दर दिलेला आहे, मग मूल्यांकक कशाला? हा समज काढून टाकला पाहिजे. रेडी रेकनर म्हणजे नोंदणी व मुद्रांक विभागाचा वार्षिक मूल्य दर तक्ता. दस्तात रक्कम कमी लिहिली तरी निदान या दराने मुद्रांक वसूल व्हावा, यासाठी तो असतो. तो एका विभागाला एक दर लावतो. रस्त्यावरचे कोपऱ्याचे दुकान, मागच्या बोळातला गाळा आणि पायऱ्या उतरून जावे लागणारे तळघर यांतला फरक बाजारात ज्या बारकाईने होतो, त्या बारकाईने तो तक्त्यात येत नाही. राज्यातले हे दर १ एप्रिल २०२५ पासून वाढले, त्याआधी सलग दोन वर्षे ते जसेच्या तसे ठेवले होते. बाजार मात्र या दोन वर्षांत थांबून राहिला नव्हता.

उदाहरण मनमाडचेच घ्या. नोव्हेंबर २०२३ मध्ये पुणे-इंदूर महामार्गावरील आपल्या गावातल्या रेल्वे उड्डाणपुलाचा काही भाग कोसळला आणि वाहतूक दुसऱ्या रस्त्यांनी वळवावी लागली. पुलाच्या दोन्ही अंगांना ज्यांची दुकाने आहेत त्यांना विचारा, गिऱ्हाईक कसे तुटते. अशा काळात भाड्याची बोलणी कोणत्या सुराने होतात हे तक्त्यात दिसत नाही. जागेवर येऊन पाहणाऱ्या माणसाला ते दिसते. तसेच आपल्या गावाच्या पाण्याचे. हॉटेल, रंगकाम, धुलाई असे धंदे चालणाऱ्या जागेला बोअर आहे का, टाकी किती मोठी आहे, हा मनमाडमध्ये किमतीचाच प्रश्न आहे.

रेडी रेकनरचा उलटा त्रासही होतो. जुना भाडेकरू बसलेला आहे किंवा जागा आतल्या बोळात आहे, म्हणून खरा भावच सरकारी दरापेक्षा कमी आला, तर? प्राप्तिकराच्या नियमाप्रमाणे सरकारी मूल्य दस्ताच्या रकमेच्या दहा टक्क्यांहून अधिक फरकाने जास्त असेल, तर विकणाऱ्याला सरकारी मूल्यावर कर लागू शकतो. अशा वेळी विक्रीच्या आधीचा मूल्यांककाचा अहवाल कामाला येतो. करदाता आपले प्रकरण विभागाच्या मूल्यांकन अधिकाऱ्याकडे पाठवण्याची मागणी करू शकतो. मुद्रांकाच्या बाबतीत दस्त आधी मुद्रांक जिल्हाधिकाऱ्याकडे अभिनिर्णयासाठी नेता येतो. नंतर रडण्यापेक्षा हे बरे.

मूल्यांकक किंमत काढतो कशी?

यात जादू नाही. आपण थानाचा भाव तीन तऱ्हांनी पडताळतो. शेजारी कितीला विकतो, यात सुटते किती, आणि पुन्हा बनवायला किती लागेल. मूल्यांककही तेच करतो.

पहिली रीत तुलनेची. जवळपास अलीकडे विकल्या गेलेल्या तशाच दुकानांचे दस्त पाहायचे आणि फरकाप्रमाणे दर वर-खाली करायचा. दुकानाच्या पुढच्या भागाची किंमत मागच्या भागापेक्षा जास्त असते, म्हणून रुंद तोंडाचे दुकान आणि अरुंद पण खोल दुकान यांचे क्षेत्रफळ एक असले तरी भाव एक नसतो. आमच्या दुकानाला त्याने चौरस फुटाला साडेपाच हजारांचा दर लावला होता. ३६० फुटांचे १९ लाख ८० हजार झाले ते असे. शेजारचे कमी रकमेचे खत त्याने पाहिले होते, पण इतर सौद्यांशी ते जुळत नाही म्हणून कारण लिहून बाजूला ठेवले होते. जाणकार आणि अंदाज सांगणारा यांतला फरक तो हा.

दुसरी रीत भाड्याची. समजा, तसे दुकान महिना बारा हजारांनी जाते. वर्षाचे एक लाख ४४ हजार झाले. त्यातून घरपट्टी, दुरुस्ती, मधले रिकामे महिने यांचे २४ हजार वजा केले. हातात राहिले एक लाख २० हजार. अशा जागेत पैसा गुंतवणारा वर्षाला सहा टक्के उत्पन्नावर राजी असेल तर किंमत येते वीस लाख. तो आठ टक्के मागत असेल तर तेच दुकान पंधरा लाखांचे. एका टक्केवारीने पाच लाखांचा फरक पडला. म्हणून अहवालात ही टक्केवारी किती धरली आणि का धरली, हे प्रथम विचारावे.

तिसरी रीत खर्चाची. जमिनीची किंमत वेगळी, आणि बांधकाम आज करायला लागणाऱ्या खर्चातून झीज वजा करायची. इमारतीचे आयुष्य ६० वर्षे धरले, २५ वर्षे झाली आणि शेवटी दहा टक्के मोल उरते असे मानले, तर साडेसदतीस टक्के झीज वजा होते. मालेगावच्या यंत्रमागाच्या शेडसारख्या जागांना, जिथे सौदे कमी आणि भाड्याचे दाखले त्याहून कमी, तिथे ही रीत उपयोगी पडते. मागांची किंमत मात्र वेगळी काढायची असते, आणि यंत्रसामग्रीसाठी मूल्यांककाची नोंदणीही वेगळी असते. शेडवाल्याकडूनच मागांचा आकडा टाकून घेणारे पुढे अडचणीत येतात.

एका अहवालात तीन आकडे

बँकेसाठी केलेल्या अहवालात बहुधा तीन आकडे असतात, आणि आपली माणसे नेमकी इथे गोंधळतात. पहिला आकडा बाजारमूल्याचा: घेणारा आणि विकणारा दोघेही राजी, घाई कोणालाच नाही, तेव्हाचा भाव. दुसरा, वाजवी मुदतीत विकले तर प्रत्यक्ष हाती येईल ती रक्कम. तिसरा, नडीने, लिलावात विकावे लागले तर येईल तो भाव. वीस लाखांचे दुकान असेल तर दुसरा आकडा अठरा आणि तिसरा सोळा लाखांच्या आसपास दिसतो. सोळा लाख पाहून "माझे दुकान बँकेने पाडले" असे म्हणू नये. तो बँकेच्या सावधगिरीचा आकडा आहे. आणि तोच आकडा घेऊन बहिणीचा हिस्सा काढणे हा सरळ सरळ अन्याय आहे. वाटणीला बाजारमूल्यच धरले पाहिजे, आणि तेही वाटणीच्या दिवसाचे. विम्यासाठी याहून वेगळा, चौथा आकडा लागतो. जमीन जळत नाही, म्हणून विम्याला फक्त बांधकामाची किंमत धरतात.

तिसरा आकडा किती गंभीर आहे हेही समजून घ्यावे. २००२ च्या सरफेसी कायद्याने थकीत कर्जासाठी तारण मालमत्ता न्यायालयात दावा न लावता ताब्यात घेऊन विकण्याचा अधिकार बँकांना मिळाला. सहकारी बँकांनाही हा कायदा लागू आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने ५ मे २०२० रोजी पांडुरंग गणपती चौगुले यांच्या प्रकरणात ठरवले. ते प्रकरण आपल्या महाराष्ट्रातल्याच एका सहकारी बँकेचे होते. या विक्रीपूर्वी बँकेला मान्यताप्राप्त मूल्यांककाचा अहवाल घेऊन राखीव किंमत ठरवावी लागते. कर्जदाराकडे स्वतःचा ताजा अहवाल असेल तर कमी राखीव किमतीला तो वेळीच लेखी हरकत घेऊ शकतो. नसेल तर तो फक्त ओरडू शकतो.

पगडीचे, पालिकेचे आणि वक्फचे गाळे

आपल्या बांधवांतले किती तरी जण मालक नाहीत, भाडेकरू आहेत. त्यांनाही हा विषय लागू आहे. १९४७ च्या भाडे कायद्याखाली पगडी घेणे गुन्हा होता. ३१ मार्च २००० पासून लागू झालेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या ५६ व्या कलमाने भाडेहक्क सोडताना किंवा दुसऱ्याला देताना रक्कम घेणे कायदेशीर केले, आणि संमतीसाठी मालकालाही रक्कम घेता येते. म्हणजे भाडेहक्कालाही मोल आहे. ते कागदावर आणले नाही तर वालिदांच्या पश्चात दुकानावर बसलेला मुलगा "हे तर भाड्याचे आहे, यात वाटणी कसली" असे म्हणून मोकळा होतो. अशा हक्काच्या वाटणीबाबत वकील आणि आलिम दोघांनाही विचारावे, पण विचारावे जरूर. उलट, ज्याच्या दुकानात जुना भाडेकरू आहे त्या मालकाने रिकाम्या दुकानाचा भाव आपल्याला लावू नये.

पालिकेच्या गाळ्यांचे म्हणाल तर जळगावचे उदाहरण समोर आहे. तेथील महानगरपालिकेच्या व्यापारी संकुलांतील दोन हजारांहून अधिक गाळ्यांची मुदत २०१२ साली संपली. नवे भाडे आणि थकबाकी रेडी रेकनरच्या दराने धरल्यावर आकडे असे फुगले की वाद वर्षानुवर्षे न्यायालयात आणि मंत्रालयात फिरत राहिला. २०१९ च्या राज्य नियमांत महानगरपालिकांच्या गाळ्यांना बाजारमूल्याच्या आठ टक्के वार्षिक भाडे ठरवले गेले, व्यापाऱ्यांच्या हरकतींनंतर २०२३ मध्ये तो दर खाली आणावा लागला. ज्यांच्याजवळ गाळ्याच्या खऱ्या मोलाचा स्वतंत्र दाखला असतो, त्यांचे म्हणणे अशा भांडणात वजनदार ठरते.

आता एक कडू गोष्ट. मशिदीच्या आणि दर्ग्याच्या वक्फ गाळ्यांत आपलेच लोक भाडेकरू आहेत. शेजारच्या खाजगी दुकानाला हजारांत भाडे, आणि वक्फच्या गाळ्याला शेकड्यांत, असा प्रकार किती गावांत आहे! २०१४ च्या वक्फ भाडेपट्टा नियमांनी भाडे बाजारमूल्याशी जोडले आहे. वक्फच्या जमिनी कोणी बळकावल्या यावर आपण तावातावाने बोलतो, ते बोललेही पाहिजे. पण ज्या गाळ्यात आपण स्वतः बसलो आहोत त्याचे मूल्यांकन करून वाजवी भाडे देऊ, असे म्हणायला किती जण उभे राहतील? बहिणीचा हक्क आणि यतीमांचा हक्क एकाच मापाने मोजला पाहिजे.

मूल्यांकक कोणता, आणि त्याला काय विचारावे

पाटी लावली म्हणजे कोणी मूल्यांकक होत नाही. जुनी नोंदणी १९५७ च्या संपत्ती कर कायद्याखालची. तो कर २०१५ च्या अर्थसंकल्पाने बंद झाला, पण मूल्यांककांच्या नोंदणीची पद्धत पुढे चालू राहिली. दुसरी नोंदणी कंपनी कायद्याखालच्या २०१७ च्या नियमांची, जिच्यासाठी परीक्षा द्यावी लागते आणि जमीन-इमारत, यंत्रसामग्री व आर्थिक मालमत्ता असे तीन वर्ग आहेत. नोंदणीचा क्रमांक मागून घ्यावा. २००१ पूर्वीचे दुकान विकायचे असेल तर भांडवली नफ्याच्या हिशेबाला १ एप्रिल २००१ चे मूल्य लागते, तो अहवालही अशाच मूल्यांककाकडून घ्यावा आणि कर सल्लागाराला दाखवावा.

जाण्यापूर्वी कागद तयार ठेवा: खरेदीखत, सिटी सर्व्हेचा उतारा, घरपट्टीची पावती, बांधकामाचा मंजूर नकाशा, भाडे असेल तर करार. जवळपासच्या सौद्यांची सूची क्रमांक २ नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर शोधता येते, आणि सरकारी दरही तिथेच पाहता येतात. घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुला-मुलींना हे काम सांगा. पोटमाळा नकाशात नसेल तर तो लपवू नका. अहवालातून तो गळेल, पण लपवलेला सापडला तर सगळ्या अहवालावरचा भरवसा उडेल.

अहवाल हाती आल्यावर पाच गोष्टी विचारा. कोणत्या तारखेचे मूल्य आहे? कोणत्या कामासाठी काढले आहे? क्षेत्रफळ चटईचे धरले की बांधीव? कोणते सौदे तुलनेला घेतले? आणि जागा रिकामी धरली की भाडेकरूसह? या पाचांची उत्तरे मराठीत, तुम्हाला कळतील अशा शब्दांत मिळाल्याशिवाय उठू नका. मूल्यांककाची फी आधी ठरवा, पण आकडा कधी आधी ठरवू नका. "कर्जाला जास्त लिहा, वाटणीला कमी लिहा" असे सांगून आणलेला अहवाल हा शेजारच्या त्या खोट्या खरेदीखताचाच भाऊ आहे. भागीदारीच्या करारातही एक ओळ घालून ठेवा, की कोणी बाहेर पडला तर जागेची किंमत दोघांना मान्य असलेल्या नोंदणीकृत मूल्यांककाकडून काढली जाईल. दोस्ती टिकायला या ओळीचा मोठा उपयोग होतो.

आमची सूचना

गावोगावच्या व्यापारी मंडळींनी आणि मशीद कमिट्यांनी रमजानच्या आधी एक बैठक घ्यावी. तिला एक मूल्यांकक, एक वकील आणि एक आलिम बोलवावेत. महिलांनाही बसायला जागा ठेवावी, कारण हिश्श्याच्या हिशेबात सर्वांत आधी त्यांचेच माप कमी पडते. दर पाच वर्षांनी एकदा अहवाल नवा करावा आणि त्याची एक प्रत बहिणीच्या, मुलीच्या हातात द्यावी. खर्च एका लग्नाच्या दिव्यांच्या रोषणाईहून जास्त येणार नाही.

आमच्या बहिणीकडे आता त्या दुकानाच्या अहवालाची प्रत असते. तिचा दुकानात हिस्सा उरलेला नाही, तरी आम्ही देतो. गेल्या खेपेला तिने ती उघडून पाहिली आणि विचारले, "भाईजान, यात भाड्याची टक्केवारी किती धरली आहे?" आम्हाला फार बरे वाटले. यंदा थान मोजायला बसाल तेव्हा दुकानाची फाईलही कपाटातून काढा, आणि खरेदीखताच्या रकमेपासून वाचायला सुरुवात करा.